रस्त्यापासून चार फूट तीन इंच

दर सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला निवृत्त ओव्हरसियर संग्रहालयाच्या दाराशी येत, भिंतीवरच्या काचेच्या पेटीचे कुलूप काढत, गेल्या आठवड्याचे कार्ड उतरवून नवे लावत, आणि मग दोन पावले मागे सरून, एक डोळा मिटून, ते सरळ लागले आहे की नाही हे पाहत. ते नेहमीच सरळ लागलेले असे. तरीही ते पाहत. गावात त्यांना पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत. नाव ठेवणाऱ्याचा हेतू चेष्टेचा होता, पण ओव्हरसियरांनी ते पदवीसारखे स्वीकारले होते. दोरीला टांगलेल्या त्या लोखंडी गोळ्याला भिंत कोणाची आहे याच्याशी देणेघेणे नसते, असे ते सांगत, आणि मनातल्या मनात स्वतःची गणना त्याच जातीत करत.

कार्डाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘हे ठाऊक आहे?’ असे लिहिलेले असे आणि खाली पाच-सहा ओळींत गावाची एखादी हकिगत. गावात आगीचा पहिला बंब ज्या दिवशी आला त्याच दिवशी पहिली आग लागली, आणि ती बंबाच्याच शेडला लागली. टपाल कार्यालयाचे घड्याळ अठरा वर्षे बंद होते, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. ते दुरुस्त झाल्यावर आठवडाभरात सात तक्रारी आल्या. नगरपालिकेच्या पहिल्या सभेतला पहिला ठराव सभा लवकर आटोपण्याविषयी होता, आणि त्यावर चार तास चर्चा झाली. लोक बाजारात जाता जाता थांबत, वाचत, हसत, आणि पुढे दुसऱ्याला सांगताना थोडी मीठमिरची लावत. ते काम लोकांचे. कार्डावर मात्र मिठाचा एक कणही चालणार नाही, हा ओव्हरसियरांचा नियम होता. तंत्रनिकेतनात अंगी बाणलेली शिस्त त्यांनी इतिहासाला लावली होती: दोन पुरावे हाती आल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. अकरा वर्षांत पाचशे बाहत्तर कार्डे झाली. एकही मागे घ्यावे लागले नव्हते.

त्यातले सर्वांत गाजलेले कार्ड महापुराचे. संग्रहालय म्हणजे पूर्वीचे नदीकाठचे मालगुदाम. त्याच्या दर्शनी भिंतीत, पायऱ्यांच्या उजव्या अंगाला, हातभर लांबीचा एक काळा दगड बसवलेला आहे आणि त्यावर एक आडवी रेघ कोरलेली आहे. नव्वद वर्षांपूर्वीच्या महापुराचे पाणी इथवर आले होते, अशी ती खूण. ओव्हरसियरांनी टेप लावून उंची मोजली, जुन्या दुरुस्ती-रजिस्टरातली नोंद पाहिली, दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, आणि त्यांनी लिहिले: ‘हे ठाऊक आहे? महापुराचे पाणी या रस्त्यापासून चार फूट तीन इंच उंच होते. म्हणजे आपण ज्या दालनात जात आहात, तेथे मांडीपर्यंत पाणी होते.’ मुले दगडाला पाठ लावून आपली उंची पाहू लागली. अभिरक्षक बाईंनी ते कार्ड पत्र्यावर रंगवून कायमचे लावले आणि माहितीपत्रकातही छापले.

आणि त्याच कार्डाने घात केला.

त्या सोमवारी ओव्हरसियर आले तेव्हा अभिरक्षक बाई दारातच उभ्या होत्या. बाई चाळिशीच्या, कामाला वाघीण, एरवी त्यांच्या आवाजाने दालनातल्या काचा थरथरत. त्या दिवशी त्यांनी न बोलता एक पत्र पुढे केले.

पत्र जिल्हा कार्यालयातून आले होते. संग्रहालयानेच प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, त्यात म्हटले होते, महापुराची पातळी दालनाच्या फरशीपासून अडीच फूट वर आहे; सबब ही इमारत पुराच्या धोक्यात असून संग्रह ठेवण्यास अयोग्य ठरते; एकूण चौदाशे तीस वस्तू मुख्य शहरातल्या मोठ्या संग्रहालयाच्या कोठारात हलवाव्यात. अधिकारी शुक्रवारी पाहणीस येतील आणि अंतिम शेरा लिहितील.

“कोठारात, काका,” बाई म्हणाल्या. “दालनात नाही, कोठारात. तिथे गेलेली वस्तू परत दिसत नाही. आपला बंब तिथे खोक्यात जाणार, तराजू खोक्यात जाणार, आणि आपण इथे रिकाम्या भिंतींना राखण.”

ओव्हरसियरांनी पत्र दोनदा वाचले. “आकडे बरोबर घेतलेत,” ते म्हणाले. “चार फूट तीन इंचांतून जोत्याचे एक फूट नऊ इंच वजा. अडीच फूट. वजाबाकी चोख आहे.”

“तुम्ही त्यांची वजाबाकी तपासताय? तुमच्याच कार्डाने आपला गळा धरलाय! त्यात कुठे काही चूक असू शकेल का, एवढंच सांगा.”

“बाई, दोन पुरावे पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही. ती काळ्या दगडावरची रेघ आहे.”

पहारेकरी खाली पायऱ्या झाडत होता. पन्नाशीचा गडी, संग्रहालयात वीस वर्षे झालेली, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचे नाही हा नियम त्याने आजवर एकदाही पाळला नव्हता.

“मॅडम, एक विचारू?” तो झाडू टेकवून म्हणाला. “आत तो जुना फोटो आहे बघा, गुदामाचा. त्यात आठ पायऱ्या आहेत.”

“मग?”

“मी तीनच झाडतो.”

बाईंनी वाकून पायऱ्या मोजल्या.

“नाही, म्हणजे पाच कमी झाल्या त्याचं मला वाईट वाटत नाही,” पहारेकऱ्याने खुलासा केला. “पण गेल्या कुठे?”

ओव्हरसियर आत गेले. तो फोटो दालनाच्या दारासमोरच होता. अकरा वर्षे ते त्याच्याखालून जात-येत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्यांनी खिशातले भिंग काढले आणि एकेक पायरी बोटाने मोजली. आठ. शेवटच्या पायरीखाली रस्ता, रस्त्यावर बैलगाडी, आणि भिंतीत, गाडीवानाच्या खांद्याजवळ, काळा दगड. त्यांनी भिंग हलवून दगड आणि दार यांच्यातले अंतर पाहिले. फोटोत दगडावरची रेघ दाराच्या उंबऱ्याच्या खाली होती. बाहेर भिंतीवर तीच रेघ उंबऱ्याच्या पुष्कळ वर होती.

“रजिस्टर आणा,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. भिंग मात्र त्यांनी दोनदा चुकीच्या खिशात घातले.

रजिस्टरातली पहिली नोंद त्यांना पाठ होती: ‘महापुराच्या खुणेचा दगड रस्त्यापासून चार फूट तीन इंचांवर बसविला.’ त्यांनी पान उलटले. कार्ड लिहिताना त्यांनी ते उलटले नव्हते. पहिल्या नोंदीचा आकडा टेपशी जुळला, काम झाले, असे त्यांना वाटले होते. पुढच्या पानावर, पन्नास वर्षांनंतरच्या तारखेखाली, दुसरी नोंद होती: ‘नवीन पुलासाठी रस्त्यावर भराव घातल्यामुळे दगड काढून मूळ नोंदीप्रमाणे रस्त्यापासून चार फूट तीन इंचांवर पुन्हा बसविला.’ खाली सही. शेवटच्या अक्षराला ऐटीत वळसा दिलेली, पंचविशीतल्या माणसाची सही.

“ही कोणाची?” बाईंनी विचारले.

“माझी,” ओव्हरसियर म्हणाले.

नोकरीतले पहिले वर्ष ते. रस्ता जवळजवळ तीन फुटांनी उंच झाला, पाच पायऱ्या भरावाखाली गेल्या, आणि दगडही जमिनीलगत आला. तेव्हा एका तरुण ओव्हरसियराने रजिस्टर उघडून, मोठ्या इमानाने, दगड ‘रस्त्यापासून’ पूर्वीइतक्याच उंचीवर नेला. रस्त्याबरोबर पूरही चढला. आणि अनेक वर्षांनी त्याच माणसाने त्याच दगडाला टेप लावून, त्याच रजिस्टराशी ताळा जमवून, दोन पुरावे मिळाल्याचे समाधान मानले. पुरावे दोन नव्हतेच. एकाच तोंडची साक्ष त्यांनी दोनदा नोंदवली होती.

बाईंच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि लगेच काळजी. “म्हणजे पाणी आत आलंच नव्हतं! पण काका, हे शुक्रवारी सांगायचं कसं? तुम्ही चुकलात म्हटलं की तो म्हणणार, यांचं काहीच खरं नाही. मग वस्तूंच्या नोंदी तरी खऱ्या कशावरून? त्यापेक्षा छपाईची चूक म्हणू. इंचांचे फूट झाले, असं काहीतरी.”

“बाई, छापणारा बिचारा निर्दोष आहे.”

“अहो, पण अकरा वर्षांचं नाव आहे तुमचं!”

“त्याच नावाची सही आहे ना इथे.” त्यांनी रजिस्टर मिटले. “शुक्रवारपर्यंत चार दिवस आहेत. फोटोवरून काम भागणार नाही. मला खरोखरचा दुसरा पुरावा पाहिजे.”

दुपारी जेवताना त्यांनी पत्नीला सगळे सांगितले. तिने हातातले पातेले खाली ठेवले.

“पुन्हा म्हणा.”

“काय?”

“ते शेवटचं. ‘माझं चुकलं.’ चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकतेय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवते.”

“चेष्टा नको करूस. संग्रहालय जायची वेळ आलीय.”

“चेष्टा कुठे? आपल्या घरातला आरसा तुम्ही पाणसळ लावून तीनदा काढून बसवलात. मी म्हणत होते, आरसा सरळ आहे, जमीन उतरती आहे. शेवटी काय निघालं?”

“जमीन उतरती होती.”

“मग! टांगलेल्या वस्तूकडे बघता, पायाखाली बघत नाही.” तिने वाढता वाढता विचारले, “तो दगड बसवला कोणी? तुम्ही तर कागदावर. हातांनी कोणी?”

ओव्हरसियरांचा घास हातातच राहिला. “मिस्त्री,” ते म्हणाले.

मिस्त्री त्या काळचा नावाजलेला गवंडी. वय आता पंच्याऐंशीच्या घरात, पण मंगळवारी सकाळी ओव्हरसियर त्याच्या घरी पोचले तेव्हा तो अंगणातल्या खुर्चीत बसून शेजाऱ्याच्या नव्या कुंपणाच्या भिंतीकडे नापसंतीने पाहत होता.

“या साहेब. ती भिंत बघा. पोट आलंय तिला. अजून लग्न व्हायचंय आणि पोट आलंय.”

“मिस्त्री, गुदामावरचा पुराचा दगड आठवतो?”

म्हातारा हसू लागला. त्याला हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर तो पुन्हा हसला. “चाळीस वर्षं वाट बघतोय, कोणीतरी विचारेल म्हणून. साहेब, मी तेव्हाच तुम्हाला विचारलं होतं. दगड वर घेऊ म्हणता, पाणीपण वर घ्यायचं का?”

“आणि मी काय म्हणालो?”

“तुम्ही म्हणालात, ‘रजिस्टरात आहे तसं कर. जास्त शहाणपण नको.’”

ओव्हरसियरांनी मान खाली घातली नाही. ती त्यांची सवय नव्हती. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “तुम्ही मोठ्याने का नाही बोललात?”

“तुम्ही शिकलेले, मी दगड फोडणारा. आणि खरं सांगू? मला वाटलं, दोन दिवसांत कोणीतरी हसेल आणि तुम्ही दगड खाली आणायला सांगाल. कोणी हसलंच नाही. मग लोकांनाच तो पूर आवडायला लागला. मोठा पूर कोणाला नको असतो?”

“आता तोच पूर संग्रहालय बुडवतोय.” त्यांनी पत्राची हकिगत सांगितली. “मूळ पातळी दाखवणारं दुसरं काही शिल्लक आहे का? ज्याला माझा हात लागलेला नाही असं?”

मिस्त्रीने नदीकडे बोट केले. “जुन्या पुलाचे खांब उभे आहेत ना? या काठचा दुसरा खांब. वरच्या अंगाला रेघ आहे आणि तिच्यावर बाण. लोक म्हणतात नावाड्यांची खूण. नावाड्यांची कसली! माझ्या बापाने कोरली, पूर ओसरला त्याच आठवड्यात. पुलाच्या इंजिनियराने समोर उभं राहून कोरून घेतली. तिथे कोणी रस्ता केला नाही, साहेब. ती आहे तिथेच आहे.”

बुधवारी सकाळी संग्रहालयातून एक वस्तू नाहीशी झाली. ‘हात लावू नये’ अशी पाटी असलेल्या कपाटातली पितळी दुर्बिणीची, जमिनीचा चढउतार मोजायची डम्पी लेव्हल. ओव्हरसियरांनी स्वतःच निवृत्त होताना ती विकत घेऊन संग्रहालयाला भेट दिली होती. बाईंनी वस्तू बाहेर नेल्याची रीतसर नोंद केली, कारणाच्या रकान्यात ‘कामावर रुजू’ असे लिहिले, आणि पहारेकऱ्याच्या खांद्यावर तिपाई व रंगीत आकड्यांची उंच मोजपट्टी दिली.

नदीला पाणी गुडघाभर होते. पहारेकरी शिडी लावून खांबावर चढला, शेवाळ खरवडले, आणि ओरडला, “आहे! बाणही आहे!” ओव्हरसियरांनी काठावर तिपाई रोवली, तिचे पाय दाबून पाहिले, स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणला. बोटे थकलेली नव्हती. सहासष्ट वर्षांच्या माणसाला आपली बोटे पंचविशीतली वाटावीत असे क्षण फार येत नाहीत. ते थोडे जास्त वेळ स्क्रूशी राहिले.

“काका, दुर्बिणीत मी उलटा दिसतो म्हणतात, खरं का?” शिडीवरून प्रश्न आला.

“जुनी दुर्बीण आहे, सगळंच उलटं दिसतं. तू पट्टी सरळ धर, म्हणजे नीट उलटा दिसशील.”

“बायको म्हणते, मी तसाही उलटाच आहे.”

“हलू नकोस!”

खांबावरची रेघ, काठ, वळण, चहाच्या टपरीची पायरी, नवा पूल, संग्रहालयाचा उंबरा. प्रत्येक मुक्कामी मागचे वाचन, पुढचे वाचन, वहीत नोंद. मग तोच प्रवास उलट दिशेने, पुन्हा खांबापर्यंत, कारण एकाच फेरीवर विश्वास ठेवणारा माणूस सर्वेक्षक नव्हे, प्रवासी असतो, असे त्यांचे प्राचार्य सांगत. टपरीवाल्याला शंका आली. “काय मोजताय?”

“पूर कमी करतायत,” पहारेकऱ्याने परस्पर सांगितले.

“कमी? आमच्याच गावाचा? बाजूच्या गावाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही राहणार!”

संध्याकाळी बाईंच्या टेबलावर हिशेब पुरा झाला. जाऊन-येऊन फरक दोन सूत, म्हणजे पाव इंच. आणि खांबावरची रेघ दालनाच्या फरशीपेक्षा पाच इंच एक सूत खाली. आता फोटोतल्या आठ पायऱ्या घेतल्या, प्रत्येकी सात इंच, तर जोते जुन्या रस्त्यापासून छप्पन्न इंच. चार फूट तीन इंच म्हणजे एक्कावन्न. फरक पाच इंच. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एका सुताच्या अंतरावर येऊन थांबले होते.

“हे दोन पुरावे,” ओव्हरसियर म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवली.

“आणि शुक्रवारी पहिला प्रश्न आला, की चूक कोणाची?”

“तर उत्तरही दोन अक्षरी आहे, बाई.”

शुक्रवारी अधिकारी ठरल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी आले. तिशीचे, धुतल्या कपड्यांचे, घड्याळाकडे पाहून बोलणारे. बाईंनी चहा पुढे केला. त्यांनी फाईल पुढे केली. ओव्हरसियरांनी आपले म्हणणे उभे राहून, क्रमाने, रजिस्टराची दोन्ही पाने दाखवून मांडले. अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली.

“थांबा. म्हणजे इतकी वर्षं भिंतीवर चुकीची खूण आहे? हा शहाणपणा केला कोणी?”

“मीच.”

“आणि त्यावरून कार्ड?”

“तेही मीच.”

अधिकारी खुर्चीत मागे रेलले. “कमाल आहे. तुम्हीच चुकायचं, तुम्हीच छापायचं, आणि इमारत रिकामी करायची वेळ आली की तुम्हीच चूक शोधायची. फार सोयीची चूक नाही का ही? उद्या आणखी तिसरा आकडा सांगाल.”

बाईंनी ओव्हरसियरांकडे पाहिले. याच प्रश्नाची त्यांना भीती होती. ओव्हरसियरांनी मात्र असे पाहिले, जणू परीक्षेत अपेक्षित प्रश्न आला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “तुमच्या जागी मीही हेच विचारलं असतं. म्हणून माझा आकडा फाईलला लावूच नका. लेव्हल बाहेर मांडून ठेवली आहे. वाचन तुम्ही घ्या, वही तुम्ही लिहा. मी फक्त तिपाई उचलीन.”

“मी?”

“कुठल्या कॉलेजचे तुम्ही?”

अधिकाऱ्यांनी कॉलेज सांगितले.

“तिथे पहिल्या वर्षी लेव्हलिंग असतं. विसरला असाल तर आठवेल.”

हे बोलणे शांत होते, पण त्यात आव्हान होते, आणि शिकलेल्या माणसाला आपण शिकलेले विसरलो असे म्हटलेले सहन होत नाही. अधिकाऱ्यांनी कोट खुर्चीवर टाकला. पहिल्या मुक्कामाला ते चाचपडले. “सगळं उलटं दिसतंय हो.”

“दिसू द्या. आकडा तेवढा सरळ वाचा.”

तिसऱ्या मुक्कामापासून त्यांनी घड्याळाकडे पाहणे सोडले. बुडबुडा सरकला की ते स्वतःच ओरडू लागले, “अरे, पट्टी हलवू नकोस!” पहारेकऱ्याने ओव्हरसियरांकडे पाहून डोळा मिचकावला. उंबऱ्याशी पोचून त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि वही फिरवून धरली. पाच इंच. एक सूत कमी की जास्त, हे त्यांच्या अक्षरावरून कळत नव्हते.

“आणि आता,” ओव्हरसियर म्हणाले, “खाली या. बाईंनी नगरपालिकेची परवानगी आणली आहे.”

तिसऱ्या पायरीपुढची पदपथाची फरशी पहारेकऱ्याने पहारीने उचलली. खाली रेती, रेतीखाली मुरूम. बोटभर मुरूम काढल्यावर पहार दगडावर वाजली. मग त्याने हाताने माती सारली. चौथी पायरी वर आली, मधोमध चमच्यासारखी खोल झिजलेली. पन्नास वर्षे पोती वाहणाऱ्यांनी झिजवलेली, आणि चाळीस वर्षे कोणी न पाहिलेली. अधिकारी उकिडवे बसले, टेप लावला आणि म्हणाले, “सात इंच.”

“खाली आणखी चार आहेत,” पहारेकरी म्हणाला. “आता त्याही झाडायला लावू नका म्हणजे झालं.”

अधिकारी हसले. ते त्या दिवसातले त्यांचे पहिले हसणे. आत येऊन त्यांनी शेरा लिहिला: महापुराचे पाणी दालनात आले नव्हते असे प्रत्यक्ष मोजणीवरून दिसते, स्थलांतराचा प्रस्ताव रद्द करण्याची शिफारस. “पण मूळ चुकीचा लेखी खुलासा लागेल. ज्याने केली त्याच्या सहीने.”

ओव्हरसियरांनी खिशातून तीन प्रती काढल्या. “एक तुमची, एक संग्रहालयाची, एक माझी. आणि एक सूचना: खालच्या फळ्यांवरची कागदपत्रं आम्ही वर नेतोय. पाच इंच हे काही पाय पसरून झोपण्याइतकं अंतर नव्हे.”

शनिवारी मिस्त्रीला रिक्षाने आणले. त्याने छिन्नी-हातोडा स्वतःचाच आणला होता. काळा दगड काढायचा नाही असे ठरले होते. चूकही आता गावाची होती आणि संग्रहालयाला जुन्या वस्तू टाकून देण्याची सवय नाही. त्याच्या खाली, भिंतीच्या मूळ दगडात, खरी रेघ कोरायची.

“कुठून मोजू, साहेब?” मिस्त्रीने विचारले. “रस्त्यापासून?”

बाई आणि पहारेकरी दोघेही गालातल्या गालात हसले. ओव्हरसियरांनी टोपी काढली. “तुमचं काय म्हणणं, मिस्त्री?”

“रस्ता उद्या पुन्हा चढेल. उंबऱ्याच्या फरशीपासून खाली घेऊ. ती कुठे जात नाही.”

“मग तसंच घ्या.”

रेघ कोरायला तासभर लागला. हातोडा हळू पडत होता, पण जिथे पडायचा तिथेच पडत होता.

सोमवारी दहाच्या ठोक्याला पाचशे त्र्याहत्तरावे कार्ड लागले. पहारेकऱ्याने झाडू बगलेत धरून ते मोठ्याने वाचले:

“‘हे ठाऊक आहे? या भिंतीवरचा पुराचा काळा दगड दोन फूट अकरा इंच जास्त उंचीवर आहे. रस्ता उंच झाला तेव्हा एका ओव्हरसियराने दगडही रस्त्याबरोबर वर नेला. गवंड्याने हरकत घेतली होती. ती ऐकली गेली नाही. महापुराचे पाणी खालून सातव्या पायरीवर दोन इंच होते आणि उंबऱ्याच्या आत आले नाही. ही चूक पायऱ्या झाडणाऱ्या पहारेकऱ्याने दाखवून दिली. चूक करणारा ओव्हरसियर आणि ही कार्डे लिहिणारा एकच.’”

त्याने झाडू दुसऱ्या बगलेत घेतला. “छान आहे. पण ‘रोज’ राहिलं.”

“कुठे?”

“‘पायऱ्या रोज झाडणाऱ्या.’ एकदा झाडून मोजता येत नाहीत, काका.”

“रोज?” ओव्हरसियरांनी चष्म्यावरून पाहिले. “दोन पुरावे लागतात, ठाऊक आहे ना?”

“एक मी.”

“आणि दुसरा?”

पहारेकऱ्याने नुसते खाली बोट केले. तीन पायऱ्या लख्ख होत्या. उघड्या ठेवलेल्या चौथीच्या झिजलेल्या खळग्यातही मातीचा कण नव्हता.

ओव्हरसियरांनी पेटीचे कुलूप पुन्हा काढले, कार्ड उतरवले, कानावरचे पेन घेतले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा लिहून झालेल्या ओळीच्या डोक्यावर एक शब्द चढवला. मग ते परत लावून दोन पावले मागे सरले आणि एक डोळा मिटून पाहू लागले.